ढोलाला पाजलेलं तेल

शालोम झिराडकर त्या संग्रहालयात पहिल्यांदा शिरले ते वॉशरूमसाठी. ब्रॅम्पटनची बस डोळ्यांदेखत निघून गेली होती. फेब्रुवारीचा वारा कान कापत होता, आणि साठी उलटल्यावर थंडीत माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. प्लाझाच्या मागे लाल विटांचं एक जुनं दुमजली घर होतं. दारावर पाटी होती, ‘कॅरिबियन स्मृतिघर’. खिडकीत उजेड दिसला, तसं त्यांनी दार ढकललं.

टेबलामागे एक उंच, सावळी, पांढऱ्या केसांची बाई बसली होती.

“वॉशरूम फक्त पाहुण्यांसाठी आहे,” ती म्हणाली.

“मी पाहुणाच आहे.”

“मग आधी पाहा.”

“आधी जाऊन येतो, मग पाहतो. उलट केलं तर नुकसान तुमचंच होईल.”

बाई हसली नाही. पण तिने वॉशरूमची चावी पुढे सरकवली.

शालोम शब्दाला जागणारे होते. बाहेर आल्यावर ते खरोखरच पाहू लागले. पहिल्या खोलीत त्या बेटांवरच्या मूळच्या लोकांच्या वस्तू होत्या. कलिनागो लोकांच्या दुहेरी विणीच्या टोपल्या, कसाव्याच्या कंदाचा कीस पिळायची लांबलचक विणलेली नळी, एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीचा नमुना. कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा मासे धरायचा पिंजरा होता. मासा आत शिरतो पण बाहेर येऊ शकत नाही, अशा तोंडाचा. शालोम त्याच्यासमोर जे उभे राहिले ते हलेचनात.

“हा आमच्याकडचा आहे,” ते म्हणाले.

“तो डॉमिनिकाचा आहे,” बाई जागेवरूनच म्हणाली. “माझ्या बेटावरचा.”

“असेल. पण आमच्या खाडीतही अस्साच लावायचे.”

बाई उठून जवळ आली. कुठली खाडी, कुठले मासे, भरतीला लावायचे की ओहोटीला, असं विचारू लागली. त्या बोलण्यात पुढचीही बस गेली.

ती बाई म्हणजे अर्नेस्टीन रॉयर. सगळे त्यांना मिस टीन म्हणत. कॅनडात घरकाम करायला म्हणून बेटांवरून ज्या तरुण मुली आल्या, त्यांतल्या त्या एक. आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. आधी लोकांची मुलं सांभाळली, मग रात्रशाळा करून हॉस्पिटलात नर्सिंगच्या कामाला लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. हे घर त्यांच्या मंडळाने चर्चकडून मिळवलं होतं, आणि त्याच्या तीन खोल्यांत त्यांनी सगळा समुद्र आणून ठेवला होता. पहिली खोली मूळ लोकांची. दुसरी आफ्रिकेतून जहाजांच्या पोटात भरून आणलेल्यांची. आणि वरची खोली मिस टीनसारख्यांची. तिथे जुन्या सुटकेसी होत्या, नर्सच्या टोप्या होत्या, आणि एक पातळ निळा कोट होता. तो त्यांचा स्वतःचा. कॅनडातल्या थंडीला हा पुरेल असं त्यांना बेटावरच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

“त्याने बर्फ पाहिला होता का?” शालोमनी विचारलं.

“बर्फ? त्याने आइस्क्रीमसुद्धा पाहिलं नव्हतं.”

त्या दिवसापासून शालोम तिथे जाऊ लागले.

त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. बायको फ्लोरा जाऊन दोन हिवाळे झाले होते. ते मुलीच्या, अबिगेलच्या, घरी बेसमेंटमध्ये राहत. बेसमेंट चांगलं होतं, स्वतंत्र दार, स्वतंत्र शेगडी. पण अबिगेल आणि जावई सकाळी कामावर गेले की घरात फक्त घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज उरायचा. शालोमनी तीस वर्षं मोटारींच्या सीट बनवणाऱ्या फॅक्टरीत यंत्रं दुरुस्त केली होती. आवाजाची सवय होती, पण एकट्या एकाच आवाजाची नव्हती.

स्मृतिघरात त्यांनी कोणी न सांगता कामं उचलली. दारापुढचा बर्फ शोव्हल करायचा, बल्ब बदलायचे, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घातलं. त्यानंतर तिथलं एकही दार करकरलं नाही. मिस टीनना ते आठवडाभर खटकत राहिलं. कोण आलं ते कळेचना.

तेल त्यांच्या रक्तातच होतं. अलिबागजवळच्या झिराडला त्यांच्या आजोबांचा घाणा होता. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू लोकांचा हा पिढीजात धंदा. शनिवारी शब्बाथची सुट्टी, म्हणून घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचा. त्यात हिणवणं नव्हतं. सुतार तसा सुतार, शनवार तेली तसा शनवार तेली. लहानगा शालोम घाण्याच्या बैलामागे गोल गोल चालत मोठा झाला. ताज्या खोबरेलाचा कोमट वास, पेंडीचा वास, बैलाचा वास. आजोबांकडे कुठल्याही दुखण्याला एकच औषध असायचं. कान दुखला, तेल. पाळणा कुरकुरला, तेल. गावातला ढोलकीवाला दरसाल त्यांच्याकडून एरंडेल न्यायचा, ढोलकीच्या आतून मसाल्याचा लेप द्यायला. पाऊस तोंडावर आला की आजोबा घरातलं सगळं लाकूडसामान अंगणात काढायचे, काथवट, पाट, उखळ, नांगराचा दांडा सुद्धा, आणि चिंधीने त्याला तेल पाजायचे. लावायचे नव्हे, पाजायचे.

“कोरडं लाकूड आणि कोरडं कातडं,” ते म्हणायचे, “दोन्ही तहानलेली असतात रे. तोंड नाही म्हणून मागत नाहीत.”

पुढे गिरणीचं तेल आलं, घाणा थांबला. शालोमचे वडील मुंबईला गोदीत लागले. भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले. शालोम फ्लोराला घेऊन कॅनडात आले. झिराडला आता त्यांचं कोणी नव्हतं.

हे सगळं ते मिस टीनना थोडं थोडं सांगत. मिस टीनही सांगत. त्यांच्या बेटावर आजी नारळाचं दूध आटवून तेल काढायची ते, डोंगर थेट समुद्रात कसा उतरतो ते. आणि सांगत सांगत त्यांची गाडी शेवटी ढोलावर यायची.

ढोल दुसऱ्या खोलीत होता. रमच्या जुन्या पिंपाचा, वर बकऱ्याचं कातडं लाकडी खुंट्यांनी ठोकलेलं. मिस टीनच्या आजोबांचा, पापा फेलिक्स यांचा. डॉमिनिकात त्याच्यावर बेले नावाचा नाच चालतो. पूर्वी मळ्यांचे मालक गुलामांना ढोल वाजवू देत नसत, कारण त्यातून या डोंगरावरून त्या डोंगरावर निरोप जातो. १९७९ च्या वादळात पापा फेलिक्स यांचं घर पत्र्यासकट उडून गेलं. त्या घरातला हा ढोल तेवढा मागे राहिला. मिस टीनच्या भावाने तो कॅनडाला आणला. तेव्हापासून तो वाजला नव्हता. त्याच्यापुढे पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’, आणि ती मिस टीन स्वतःही पाळत.

२००७ साल होतं. इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद केल्याला दोनशे वर्षं झाली होती. ऑगस्टचा पहिला सोमवार हा बेटांवर मुक्तीचा सण, आणि ऑन्टारिओत त्या दिवशी सुट्टीच असते. मंडळाने ठरवलं, त्या दिवशी मागच्या अंगणात मोठा कार्यक्रम करायचा. बैठकीच्या शेवटी मिस टीन एकदम म्हणाल्या, “पापा फेलिक्सचा ढोल वाजवू या.”

सगळ्यांची नजर दुसऱ्या खोलीच्या दाराकडे गेली.

नंतर खुर्च्या लावताना त्या शालोमना म्हणाल्या, “मी तो शेवटचा ऐकला चोवीस वर्षांची असताना. आता माझी सत्तरी आली. एकदा ऐकायचाय, मिस्टर शालोम. मग पुन्हा कधी वाजला नाही तरी चालेल.”

जुलै लागला तशा त्या बहिणीकडे मॉन्ट्रियलला गेल्या. जाताना घराची चावी शालोमच्या हातात दिली. एवढ्या वर्षांत ती त्यांनी मंडळातल्या कोणालाही दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शालोम धूळ झटकता झटकता ढोलापाशी थांबले. खाली वाकून पाहिलं. कातडं टाचेसारखं कोरडं ठणठणीत झालं होतं. पिंपाच्या फळ्या राखाडी पडल्या होत्या. अठ्ठावीस हिवाळे फर्नेसच्या सुक्या हवेत काढल्यावर दुसरं काय होणार? आणि महिनाभरात याच्यावर थापा पडणार होत्या.

पाटी त्यांनी पाहिली नाही असं नाही. पण पाटी पाहुण्यांसाठी असते. आणि चावी त्यांच्याकडे होती.

त्यांनी घरून खोबरेल आणलं, कोमट केलं, फ्लोराच्या जुन्या मलमलच्या ओढणीची घडी केली आणि ढोलाला तेल पाजलं. आधी फळ्यांना, मग कातड्याला. हळूहळू, गोल गोल, घाणा फिरायचा त्या दिशेने. कातडं पीत गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितल्यासारखं दिसलं, म्हणून पुन्हा पाजलं. आठवड्याच्या शेवटी ढोल मधाच्या रंगाचा झाला होता, नुसता झळकत होता. एखाद्या उपाशी पाहुण्याला पोटभर जेवू घातल्याचं समाधान शालोमना झालं. ते घरी जाताना बसमध्ये गुणगुणत होते.

मिस टीन आल्या त्या दिवशी तालमीसाठी मिस्टर ओगिस्तही आले. बुटके, सरळ पांढऱ्या केसांचे, जन्मभर ट्रक चालवलेले गृहस्थ. त्यांची आई कलिनागो, वडील काळ्या वस्तीतले. पहिल्या खोलीतल्या निम्म्या टोपल्या त्यांनीच विणलेल्या, आणि ढोल वाजवणारं मंडळात तेवढं एकच माणूस उरलेलं.

“वा, काय चमकतोय!” ते म्हणाले. त्यांनी ढोल दोन गुडघ्यांत धरला आणि थाप मारली.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

त्यांनी पुन्हा मारली. मग बोटांचा वास घेतला. “नारळ,” ते म्हणाले.

“नारळ?” मिस टीन म्हणाल्या.

शालोम दारात उभे होते, शाबासकीची वाट बघत. “मी पाजलं,” ते म्हणाले. “कोमट करून.”

मिस्टर ओगिस्तनी अंगठ्याने कातडं दाबलं. ते आत गेलं आणि सावकाश वर आलं, भाकरीच्या मळलेल्या पिठासारखं.

“तुम्ही माझ्या आजोबांच्या ढोलाला तेल लावलंत,” मिस टीन म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. हॉस्पिटलात वाईट बातमी सांगताना चढत नाही तसा.

“फार कोरडा झाला होता. मला वाटलं...”

“ढोल कोरडाच असावा लागतो, मिस्टर शालोम. कोरडा असतो म्हणून बोलतो.”

ढोलकीला आतून लेप देतात तो वेगळा, डाव्या बाजूचा, आवाज जड करायला, हे शालोमना त्या क्षणी लख्ख आठवलं. आजोबांनी एरंडेल विकलं होतं, ढोलकी कधी बनवली नव्हती.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“चावी टेबलावर ठेवा,” मिस टीन म्हणाल्या, “आणि आज घरी जा.”

त्या रात्री अबिगेल बेसमेंटमध्ये ताट घेऊन आली, तर पप्पा अंधारात बसलेले.

“पप्पा, सीरियसली? म्युझियमच्या आर्टिफॅक्टला खोबरेल चोपडलंत?”

“चोपडलं नाही. पाजलं.”

“व्हॉटएव्हर! ‘डू नॉट टच’ लिहिलं होतं ना?”

“होतं.”

“मग?”

“मग काय? पाटी वाचली असती तर तुझ्या आईशी लग्नसुद्धा झालं नसतं. तिच्या बापाने दारावर लावली होती, कुत्र्यापासून सावध.”

अबिगेलला हसू आलं, पण पप्पा हसत नव्हते. तिने ताट पुढे ठेवलं. “सॉरी म्हणालात ना? दे विल फर्गिव्ह, पप्पा.”

“माफीचं नाही गं. त्या बाईला आयुष्यात एकदा तो ढोल ऐकायचा होता. आणि मी त्याचा गळाच दाबला.”

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर अवनेर पेझारकरांकडे नेहमीसारखी चार घरं जमली. अवनेर हे शालोमचे मुंबईपासूनचे मित्र. त्यांचं घर प्लाझापासून दोन बसस्टॉपवर. अबिगेलने आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे शालोम बेसमेंटचा जिना उतरतात न उतरतात तोच अवनेर ओरडले, “या शनवार तेली, या! जरा लांबून या बाबा. माझी गुडघ्याची वाटी नुकतीच नवी बसवलीय, तिला पाजू नकोस.”

सगळे हसले. शालोम कोपऱ्यात बसले. मग अवनेरना राहवलं नाही. खुर्ची ओढून जवळ आले.

“अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? कातडं गेलं तर नवं लाव.”

“ते तिच्या आजोबांचं आहे.”

“तुझ्या आजोबांचा घाणा कोणाचा होता?”

“पणजोबांचा.”

“आणि उखळात फिरायची ती बाभळीच्या खोडाची लाट? ती पण पणजोबांची?”

“लाट कशी राहील? झिजायची. दर दोन-तीन वर्षांनी नवी घालायचे.”

“मग लाट बदलली म्हणून घाणा परका झाला का रे?”

शालोमनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत अवनेरनी केलेलं हे पहिलंच शहाणपणाचं बोलणं होतं, आणि त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. ते बशीतली चकली शोधत होते.

सोमवारी शालोम मिस्टर ओगिस्तकडे गेले. ओगिस्तनी तोवर ढोल उन्हात ठेवून पाहिला होता, कोंडा चोळून पाहिला होता. उपयोग शून्य. कातडं बदलणं हाच उपाय, ते म्हणाले, पण टीनला सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

“चाळीस वर्षं ओळखतो तिला. तुम्ही सांगा. तुमच्यावर ती आधीच चिडलेली आहे. आणखी किती चिडणार?”

दोघं गेले. शालोमनी उभ्याउभ्याच घाण्याची आणि लाटेची गोष्ट सांगितली. हात हलवत, अडखळत, मध्येच बैल विसरून पुन्हा बैलाकडे येत. मिस टीननी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“लाट म्हणजे लाकूड,” त्या म्हणाल्या. “या कातड्यात माझ्या आजोबांच्या तळहाताचा घाम आहे. तो कुठून आणाल?”

खरंच होतं ते. शालोम दाराकडे वळले.

“निदान काठ तर बघू दे, टीन,” ओगिस्त म्हणाले. “पिंपाचं लाकूड तेलाने फुगलं असेल तर तेही जाईल.”

याला मिस टीननी होकारार्थी मान हलवली. ओगिस्तनी एकेक खुंटी अलगद उपटली, कातडं सोडवलं आणि ढोल खिडकीपाशी उजेडात धरला. मग नुसतेच बघत राहिले.

“इकडे ये.”

पिंपाच्या काठाखाली आत्ताच्या खुंट्यांची भोकं होती. त्यांच्याखाली दुसरी रांग होती, लाकडाच्या कपच्यांनी बुजवलेली. तिच्याखाली तिसरी. म्हणजे कातडं याआधीही दोनदा बदललेलं होतं. मिस टीननी चष्मा लावला आणि भोकांवरून बोट फिरवलं, एक रांग, मग दुसरी. तिसरीवर बोट थांबलं.

“भिंत,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“स्वयंपाकघराची बाहेरची भिंत. तिच्यावर कातडं ताणून ठोकलेलं असायचं. उन्हात. आणि कुत्री खाली बसून भुंकायची.” त्या खुर्चीवर टेकल्या. “मी विसरलेच होते. आजी केवढी भांडायची! म्हणायची, फेलिक्स, तुझा ढोल लोकांना आधी नाकाने ऐकू येतो.”

आणि त्या हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ओगिस्त हसले. शालोमना हसावं की नाही ते कळेना, म्हणून ते नुसते उभे राहिले.

“खूप वास येतो का?” मिस टीननी ओगिस्तना विचारलं.

“भयंकर.”

“मग माझ्या घरात नाही.” त्यांनी शालोमकडे बोट केलं. “तेल यांनी पाजलं ना? वासही हेच घेतील.”

जुनं कातडं त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि वरच्या खोलीत निळ्या कोटाशेजारी नेऊन ठेवलं.

प्लाझातल्या हलाल दुकानात इरफान नावाचा हैदराबादचा तरुण खाटीक होता. शालोमनी त्याला हिंदीत सांगितलं तेव्हा त्याने हातातला सुरा खाली ठेवला.

“चाचा, लोग गोश्त माँगते हैं, कलेजी माँगते हैं. आप खाल माँग रहे हो?”

“ढोल के लिए, बेटा.”

“शादी है घर में?”

“नहीं. एक गलती है.”

इरफानने कत्तलखान्यात निरोप ठेवला आणि दोन दिवसांनी प्लास्टिकच्या बादलीत एक कातडं आणून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ढोल बजे तो बुलाना.

अबिगेलने बादली घराच्या दारातूनच परत पाठवली. “नो वे, पप्पा. नॉट इन माय गराज.” मग बादली अवनेरकडे गेली. धर्माचं खाणंपिणं पाळणाऱ्या अवनेरनी आधी विचारलं, “कोशेर आहे का?”

“ढोल खायचा नाहीये, गाढवा.”

ओगिस्तनी शिकवलं तसं दोघा म्हाताऱ्यांनी कातडं धुतलं, खरवडलं, फळीवर ताणून ठोकलं आणि मागच्या कुंपणाला टेकवून उन्हात ठेवलं. वास पसरला. पहिल्या दिवशी शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी एक रकून, मांजराहून थोराड असं झुबकेदार शेपटीचं जनावर, आला, आणि फळीची एक बाजू तोंडात धरून ओढू लागला. अवनेर नव्या गुडघ्यानिशी त्याच्यामागे धावले. रकून पळाला नाही, उलट मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्याकडे बघत बसला.

“हा पण आपल्यातलाच दिसतो,” शालोम म्हणाले. “फुकटचं सोडत नाही.”

त्यानंतर दिवसभर लॉनचेअर टाकून शालोमनी पहारा दिला. अवनेरची बायको सिल्व्हिया खिडकी लावताना म्हणाली, “शालोमभाऊजी, पुढच्या शब्बाथला हे इथे असलं ना, तर तुम्ही दोघं इथे नसाल.” पण लिंबाचं सरबत तीच आणून देत होती, नाकाला पदर लावून.

उन्हात बसल्या बसल्या शालोमना झिराड दिसायचं. वाळत घातलेलं खोबरं, त्याच्यावर झडप घालणारे कावळे आणि काठी घेऊन बसलेला सात वर्षांचा शालोम. तेव्हाही राखणच होती. तेव्हा हाका मारणारं माणूस आत घरात होतं, एवढाच फरक.

कातडं चढवायच्या दिवशी मिस टीननी शालोमना आपल्या डोळ्यांदेखत साबणाने हात धुवायला लावले. ते झाल्यावर पुन्हा लावले. मग शालोमनी ओलं कातडं ताणून धरलं आणि ओगिस्त खुंट्या ठोकत गेले, चौथ्या रांगेत. पुढे ते सुकेपर्यंत कोणी हात लावला नाही. एकदाही वाजवून पाहिलं नाही. तशीच रीत आहे, ओगिस्त म्हणाले. पहिला आवाज लोकांसमोर.

ऑगस्टच्या त्या सोमवारी मागचं अंगण भरून गेलं. लांब लांबहून बेटांवरची म्हातारी माणसं आली होती, रंगीत फडकी डोक्याला बांधून. अबिगेल आली होती, अवनेर आणि सिल्व्हिया आले होते, इरफान दुकान नोकरावर सोपवून दारात उभा होता. मिस टीन पहिल्या रांगेत, पांढऱ्या पोशाखात, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शालोम भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खुर्ची दिली होती, पण बसवेना.

ओगिस्तनी ढोल गुडघ्यांत धरला. डोळे मिटले. थाप मारली.

ढोल बोलला. पण आवाज कोवळा होता. उंच, पातळ, मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा. लोकांना काय, ते लगेच टाळ्या धरायला लागले, दोघीतिघी उठून नाचायलाही लागल्या. शालोम फक्त मिस टीनच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि कोणाकडे न पाहता मागच्या फाटकातून बाहेर गेल्या.

म्हणजे शेवटी व्हायचं ते झालंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एकदा ऐकायचं होतं, आणि ऐकायला मिळालं हे. शालोम फाटकातून त्यांच्यामागे गेले. माफी मागायची ती आता पुन्हा कशी मागायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

मिस टीन प्लाझाच्या पार्किंगच्या अगदी पलीकडच्या टोकाला, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपाशी उभ्या होत्या. स्मृतिघराकडे पाठ करून.

“मिस टीन,” शालोम म्हणाले, “मी...”

“गप्प राहा.”

दोन गाड्या गेल्या. मग डब्यांवरून, गाड्यांच्या टपांवरून ढोल आला. एवढ्या लांबून त्याचं पोरपण गळून गेलं होतं. उरला होता नुसता ठोका, गोल, जड, जमिनीतून आल्यासारखा.

“आम्ही पोरी खाली ओढ्यावर असायचो,” मिस टीन म्हणाल्या. “पाणी भरायला, कपडे धुवायला. पापा वर डोंगरावर वाजवायचे. मी हा ढोल कधी जवळून ऐकलाच नाही, मिस्टर शालोम. तिथे बसल्यावर लक्षात आलं. हा नेहमी लांबूनच यायचा.”

एक बस आली. तिचा आवाज भरून राहिला आणि ओसरला. ढोल पुन्हा आला.

“इथून ते पापाच आहेत,” त्या म्हणाल्या.

शालोम त्यांच्या शेजारी उभे राहिले. ऊन डांबरावर तापत होतं. आपण इथे थांबावं की परत जावं हे न कळून त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, तशी मिस टीननी मान न वळवता हात वर करून त्यांना थांबवलं. मग दोघंही तिथेच उभे राहिले, घराकडे पाठ करून, ढोल थांबेपर्यंत.